औषधाचे नॅनोक्रिस्टल लॅबमध्ये कसे करायचे

आपल्या कोल्हापुरी गुळाचा खडा दुधात टाकला तर विरघळायला वेळ लागतो, किसून टाकला की लगेच जातो बघा, नॅनोक्रिस्टलचं तेच आहे, पाण्यात न विरघळणारं औषध १००० नॅनोमीटरच्या खाली आणायचं म्हणजे सरफेस वाढतो आणि ते पटकन विरघळतं. रॅपाम्यून गोळी (किडनी बदलल्यावर देतात ते सिरोलिमस औषध) २००० साली आली ती याच तंत्रावर.

कोल्हापुरात एम.फार्म करणाऱ्या पोरांनो, सुरुवात वेट बीड मिलिंगनं करा, म्हणजे औषध पाण्यात बारीक मण्यांसोबत दळायचं, माझ्या मते हेच सगळ्यात भरवशाचं. आधी स्टॅबिलायझर (कण परत एकमेकांना चिकटू न देणारा पदार्थ) पाण्यात पूर्ण विरघळवा, एचपीएमसी किंवा पोलोक्झामर हे पॉलिमर, सोबत थोडं एसएलएस (सोडियम लॉरिल सल्फेट), मग औषध टाकून ढवळा आणि झिर्कोनियाचे बारीक मणी घालून मिल चालू करा. चेंबरला थंड पाणी फिरवायचंच, आपल्याकडं एप्रिल-मेचा उकाडा तर माहितीच आहे. ठराविक वेळानं सॅम्पल काढून डीएलएसवर (प्रकाशाच्या विखुरण्यावरून कणांचा आकार मोजणारं यंत्र) साइज बघा, साइज कमी व्हायची थांबली की मिल पण थांबवा, उगाच जास्त चालवलं तर मण्यांची झीज औषधात उतरते.

मिल नसेल तर हाय प्रेशर होमोजिनायझर (जास्त दाबानं अरुंद फटीतून ढकलून कण फोडणारं यंत्र), साधारण १५०० बारला १०-२० सायकल. अँटीसॉल्व्हंटनं पण होतं, म्हणजे औषध सॉल्व्हंटमध्ये विरघळवून ते न विरघळवणाऱ्या द्रवात ओतायचं, पण त्यात क्रिस्टल वाढत जातात आणि सॉल्व्हंट काढत बसावं लागतं.

शेवटी ट्रेहॅलोज किंवा मॅनिटॉल (साखरेसारखे पदार्थ, सुकताना कण चिकटू देत नाहीत) घालून फ्रीज ड्राय करा, म्हणजे गोठवून सुकवा, आणि पावडर परत पाण्यात टाकून साइज मोजाच, ही पायरी लई जण सोडतात.