चॅट पुसली तरी नोंद उरते : एआय सहायक वापरताना या चुका टाळा

समजा, सहा महिन्यांपूर्वी तुम्ही चॅटजीपीटीला आईच्या मधुमेहाच्या गोळ्यांबद्दल विचारले होते आणि काम झाल्यावर ती चॅट आठवणीने पुसून टाकली होती. दिवाळीत रव्याच्या लाडवांचे प्रमाण विचारले, तर उत्तराच्या शेवटी ‘आईंना मधुमेह असल्याने त्यांच्यासाठी साखर कमी घ्यावी’ अशी सूचना येते. असे घडले की खाते कोणीतरी फोडले, अशी शंका मनात येते. प्रत्यक्षात चॅट आणि मेमरी या दोन निराळ्या जागा असून तुम्ही त्यांपैकी एकच रिकामी केलेली असते.

बहुतेक चुका येथूनच सुरू होतात, म्हणून हे नीट समजून घेणे गरजेचे आहे. आपण बोलत असताना मूळ मॉडेल, म्हणजे उत्तरे तयार करणारी संगणकीय यंत्रणा, काहीही शिकत नसते, कारण त्याचे प्रशिक्षण आधीच पूर्ण झालेले असते. एका चॅटमधले मागचे बोलणे त्याला कळते, ते दर प्रश्नाबरोबर आधीचा मजकूरही त्याच्याकडे पाठवला जातो म्हणून. नव्या चॅटमध्येही ओळख टिकते, ती मात्र ॲपने आपल्याविषयी वेगळ्या लिहून ठेवलेल्या छोट्या नोंदींमुळे (यांनाच मेमरी म्हणतात), ज्या आपल्या नकळत नव्या प्रश्नाला जोडल्या जातात. चॅटचा इतिहास आणि या नोंदी यांच्याखेरीज पुढच्या मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी कंपनी वापरू शकते तो मजकूर ही तिसरी बाब. या तिन्हींची बटणे वेगळी आहेत.

चॅटजीपीटीत सेटिंग्जमधील ‘पर्सनलायझेशन’ विभागात मेमरीची यादी सापडते. नको असलेली नोंद तेथून काढावी आणि ती ज्या चॅटमधून आली ती चॅटही पुसावी, कारण एप्रिल 2025 पासून हा सहायक साठवलेल्या नोंदींखेरीज जुन्या चॅटचाही आधार घेऊ शकतो. ‘हे विसरून जा’ असे नुसते सांगून थांबू नये. ‘विसरलो’ असे उत्तर आले, तरी यादी स्वतःच्या डोळ्यांनी तपासावी.

मेमरी बंद केली म्हणजे प्रशिक्षणही थांबले, हा समज त्याहून अधिक पसरलेला आहे. चॅटजीपीटीत प्रशिक्षणाची परवानगी ‘डेटा कंट्रोल्स’मध्ये स्वतंत्रपणे काढून घ्यावी लागते. क्लॉड या दुसऱ्या सहायकाच्या बाबतीत तो बनवणाऱ्या अँथ्रॉपिक कंपनीने ऑगस्ट 2025 मध्ये वैयक्तिक खातेदारांपुढे हाच पर्याय ठेवला : परवानगी दिल्यास मजकूर पाच वर्षांपर्यंत राहू शकतो, न दिल्यास सर्वसाधारणपणे 30 दिवस. जेमिनी या गूगलच्या सहायकात माणसांनी तपासणीसाठी निवडलेला मजकूर खात्यापासून अलग करून तीन वर्षांपर्यंत ठेवला जाऊ शकतो, आणि वापरकर्त्याने आपल्या नोंदी पुसल्या तरी तो मजकूर त्याबरोबर जात नाही, असे गूगलने स्वतःच सांगितलेले आहे. एकदा प्रशिक्षणात गेलेला मजकूर तांदळातला खडा वेचावा तसा वेचून काढता येत नाही. त्यामुळे परवानगीचा निर्णय पहिल्याच दिवशी घेतलेला बरा.

पुसलेली चॅटही त्याच क्षणी नाहीशी होत नाही. चॅटजीपीटी बनवणारी ओपनएआय कंपनी त्यासाठी 30 दिवसांपर्यंतची मुदत सांगते. 2025 मध्ये न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राने ओपनएआयवर भरलेल्या खटल्यात अमेरिकी न्यायालयाने तर पुसलेल्या चॅटही जपून ठेवण्याचा आदेश कंपनीला दिला होता आणि ते बंधन सप्टेंबरमध्ये संपले. कंपनीचे आश्वासन प्रामाणिक असले, तरी ते न्यायालयाच्या आदेशापुढे टिकत नाही, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

आपल्याकडे एकच खाते सगळे घर वापरते. मुलाचा गृहपाठ, वडिलांचा वाटणीचा दावा आणि सुनेच्या तपासण्यांचे अहवाल एकाच मेमरीत जमा होतात, मग एकाची खाजगी गोष्ट दुसऱ्याच्या उत्तरात डोकावते. बाईने घरात कोणालाही न सांगितलेली गोष्ट अशी उघड व्हावी, हे मला फार गंभीर वाटते. प्रत्येकाचे खाते वेगळे असावे. तोवर नाजूक प्रश्नांसाठी चॅटजीपीटीतील ‘टेम्पररी चॅट’, म्हणजे तात्पुरती चॅट, वापरावी. तिच्यातून मेमरी तयार होत नाही आणि तो मजकूर प्रशिक्षणालाही जात नाही, मात्र सुरक्षेसाठी त्याची प्रत 30 दिवसांपर्यंत राहू शकते.

चॅटची लिंक पाठवणे म्हणजे ती फक्त एका माणसाला दाखवणे, असेही अनेकांना वाटते. 2025 च्या उन्हाळ्यात चॅटजीपीटीवरील अशा कित्येक चॅट गूगलच्या शोधात दिसू लागल्या, कारण लिंक बनवताना त्या शोधता याव्यात असा पर्याय निवडला गेला होता. ओपनएआयने तो पर्याय नंतर काढून टाकला. आपण बनवलेल्या लिंकची यादी सेटिंग्जमध्ये मिळते. तेथून लिंक रद्द करता येते, परंतु दुसऱ्याने आधीच उतरवून घेतलेला मजकूर परत आणता येत नाही.

कागदपत्रांबाबत माझे मत ठाम आहे. सातबाऱ्यावरील शेरा किंवा रक्ततपासणीतील आकडा समजून घ्यायला खातेदाराचे अथवा रुग्णाचे नाव लागत नाही, म्हणून तो भाग कापूनच फोटो द्यावा. आधार कार्ड तर देऊच नये, कारण अशा प्रश्नासाठी त्याची गरज पडत नाही. कार्यालयातील मजकुराला हाच नियम लावावा. सॅमसंगच्या काही अभियंत्यांनी 2023 मध्ये कंपनीचा अंतर्गत कोड चॅटजीपीटीत टाकला होता, आणि त्यानंतर कंपनीने अशा साधनांच्या वापरावर बंदी घातली.

‘सहायक सांगितलेलेच विसरतो’ ही उलट तक्रारही येते. फार लांबलेल्या चॅटमध्ये सुरुवातीचा मजकूर त्याच्या आवाक्याबाहेर जातो. अशा वेळी नवी चॅट उघडून आवश्यक मुद्दे चार ओळींत पुन्हा द्यावेत. त्यासाठी मेमरी सुरू करण्याची गरज नसते.