बडोद्याहून सौराष्ट्राच्या समुद्रावर जाताय? या चुका टाळा

कोजागरीच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता आम्ही भावनगरजवळच्या कोळियाकला किनाऱ्यावर उभे होतो. समोर चहाच्या रंगाचं गढूळ पाणी, दूरवर पाण्यातून वर आलेला एक खांब आणि त्यावर फडफडणारा ध्वज. निष्कलंक महादेव, ओहोटीलाच उघडं पडणारं समुद्रातलं देवस्थान, तिथेच होता, पण पाण्याखाली. दर्शन झाल्यावरच खायचं म्हणून सासूबाई सकाळपासून उपाशी होत्या. नारळ विकणाऱ्या काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "ओट तो सवारे हती, बेन. हवे काले अगियार वागे आवजो."

म्हणजे ओहोटी सकाळीच होऊन गेली, आता उद्या अकराला या. गुजरातीत ओहोटीला 'ओट' म्हणतात. हा शब्द या किनाऱ्यावर हाताशी ठेवा, फार उपयोगी पडतो.

चूक माझी होती आणि ती कशी झाली ते नीट सांगते, कारण आपल्या बडोद्यातली बरीच मराठी घरं मूळची कोकणातली आणि हीच चूक त्यांच्याकडूनही होऊ शकते. माझे आजोबा गुहागरचे. त्यांनी लहानपणी शिकवलेला हिशोब असा, की तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. त्यावरून मी कोजागरीची ओहोटी साडेपाचच्या सुमारास धरली आणि बडोद्याहून आरामात निघालो. हिशोब चोख होता, पण तो कोकणच्या उघड्या किनाऱ्याचा. खंबायतचं आखात नरसाळ्यासारखं आहे, तोंडाशी रुंद आणि आत अरुंद होत जाणारं. भरतीची लाट या नरसाळ्यातून वर चढत भावनगरपर्यंत यायला मुंबईपेक्षा काही तास जास्त घेते. शिवाय जागा आक्रसत जाते तसं पाणी उंच चढतं. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार-पाच मीटर असतो, भावनगरच्या बाजूला तो दहा मीटरच्या वर जातो. म्हणजे तीन मजली इमारतीएवढं पाणी सहा तासांत येतं आणि सहा तासांत जातं. आजोबांचं गणित तिथे लागू होत नाही.

मुंबईचं भरतीचं वेळापत्रक पाहून निघू नका

मोबाइलवर भरती-ओहोटी शोधली की बहुतेक वेळा जवळचं मोठं बंदर दाखवतात आणि आपण ते न पाहता वेळ टिपून घेतो. कोळियाकला जायचं तर भावनगरचीच वेळ पाहा. दुसऱ्या दिवशी ती साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे मुक्काम वाढला की पुन्हा पाहा. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे आदल्या दिवशी गावातल्या हॉटेलात किंवा दुकानात 'ओट केटला वागे?' असं विचारणं. मासेमारी आणि देवदर्शन दोन्ही त्या वेळेवर चालतात, त्यामुळे ती सगळ्यांना पाठ असते.

ओहोटी अकराची असेल तर अकराला पोहोचायचं नसतं. पाणी मागे हटू लागलं की त्याच्या मागोमाग चालत जायचं आणि ते वळायच्या आत परत निघायचं. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. इथला तळ सपाट आहे, त्यामुळे पाणी उंचीनं वाढायच्या आधी आडवं पसरत येतं. फोटो काढत रेंगाळलेल्या माणसाच्या मागून ते वळसा घालून येतं आणि किनाऱ्याकडची वाट आधी बुडते. स्थानिक माणसं चालू लागली की तुम्हीही निघा, 'अजून दोन मिनिटं' करू नका.

दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळी दहालाच गेलो. एक किलोमीटरहून जास्त चालावं लागतं, चिखल आणि शेवाळलेल्या खडकांतून. सासूबाईंच्या साध्या चपला पहिल्या शंभर पावलांतच चिखलात रुतल्या. मागे पट्टा असलेल्या, घट्ट बसणाऱ्या रबरी सँडल हव्यात. अनवाणी चालू नका, खडकांवरच्या कालवांच्या शिंपल्या पात्यासारख्या लागतात. वर पोहोचल्यावर मात्र सगळं विसरायला होतं. चौथऱ्यावर पाच शिवलिंगं, प्रत्येकासमोर नंदी, भोवतीच्या खोबणींत समुद्रानं मागे ठेवलेलं पाणी आणि त्यात पळणारे करंगळीच्या नखाएवढे खेकडे. पांडवांनी युद्धाचं पाप धुतलं ती हीच जागा, अशी श्रद्धा आहे. सासूबाईंनी तिथल्याच पाण्यानं अभिषेक केला.

बडोद्याहून एका दिवसात जाऊन येता येतं ते कावी-कंबोईचं स्तंभेश्वर, जंबुसर तालुक्यातलं. साधारण पंचाहत्तर किलोमीटर. तेही दिवसातून दोनदा पाण्याखाली जातं, त्यामुळे नियम तोच.

फेरीनं अंतर वाचेल असं समजू नका

भावनगरजवळच्या घोघ्याहून दहेजला जाणारी रो-रो फेरी, म्हणजे गाड्यांसकट माणसं नेणारी बोट, २०१७ मध्ये सुरू झाली तेव्हा आपल्याला खरंच आनंद झाला होता, कारण दहेज बडोद्याहून दोन-अडीच तासांवर. पण आखातातला गाळ एवढा, की दहेजच्या धक्क्याशी बोटीला पुरेसं खोल पाणी राहीना. २०२० च्या नोव्हेंबरपासून फेरी हजीऱ्याहून सुटू लागली. सुरतच्या लोकांसाठी ती उत्तम आहे. बडोदेकरांनी मात्र सुरत ओलांडून हजीऱ्याला जायचं, गाडी चढवायची आणि चार तास समुद्रात काढायचे, यापेक्षा तारापूर-वटामणहून भावनगर गाठणं सोपं. ते दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. बोटीची हौस असेल तर जरूर जा, पण वेळ वाचवायला म्हणून नको.

पाच दिवसांत भावनगर ते द्वारका कोंबू नका

हा बेत कागदावर छान दिसतो. भावनगर, दीव, सोमनाथ, सासण (गीरच्या जंगलाचं दार), द्वारका आणि परत. भावनगर ते दीव दोनशेच्या आत, दीव ते सोमनाथ पंचाऐंशी, सोमनाथ ते द्वारका सव्वादोनशेच्या पुढे, आणि द्वारकेहून बडोदा पाचशेच्या वर. मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असली की निम्मी सहल गाडीत जाते. माझं मत स्पष्ट आहे, याच्या दोन सहली करा. एक गाडीनं, भावनगर-दीव-सोमनाथ-सासण. दुसरी रेल्वेनं, द्वारका आणि ओखा. ओख्याला जाणाऱ्या गाड्या बडोद्यावरून जातात, त्यामुळे रात्र प्रवासात आणि दिवस हातात.

महुवा, राजुला, ऊना या पट्ट्यात रात्री गाडी चालवणार असाल तर वेग कमी ठेवा. सिंह आता फक्त गीरच्या जंगलात राहत नाहीत. २०२५ च्या गणनेत ८९१ सिंह मोजले गेले, त्यातले बरेच किनाऱ्याकडच्या झाडोऱ्यात आणि शेतांत वावरतात. रस्त्यात सिंह दिसला तर गाडी थांबवा, दिवे मंद करा, काच खाली करू नका आणि तो जाईपर्यंत हॉर्न वाजवू नका.

सासणला पोहोचून परमिट काढू म्हणू नका

गीर १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतं. दिवाळीच्या सुट्टीत अख्खं गुजरात एकदमच तिथे निघतं. जंगलातल्या सफारीचं परमिट वन विभागाच्या सरकारी संकेतस्थळावरूनच काढायचं आणि ते आधी काढायचं. नाव ज्याचं, त्याचं मूळ ओळखपत्र बरोबर हवं. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबानं दिसायला अगदी सरकारी वाटणाऱ्या एका खासगी साइटवर पैसे भरले. सासणला पोहोचल्यावर कळलं की परमिट निघालेलंच नाही. असं झालं, किंवा मुदतीत जागाच मिळाली नाही, तर निराश होऊन परतू नका. देवळियाच्या कुंपणातल्या सफारीत सिंह दिसण्याची शक्यता चांगली असते. फक्त बुधवारी ते बंद असतं.

दीव म्हणजे फक्त नागवा बीच नव्हे

बहुतेकजण नागव्याला दोन तास घालवतात, स्कूटर फिरवतात आणि सोमनाथला निघतात. दीवला एक रात्र तरी द्या आणि सकाळ किल्ल्यासाठी राखून ठेवा. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याच्याशी तह करून पोर्तुगीजांनी १५३५ मध्ये हा किल्ला बांधायला घेतला. दोनच वर्षांत बहादूरशाह त्यांच्याच हातून समुद्रात मारला गेला. १५३८ आणि १५४६ मध्ये किल्ल्याला मोठे वेढे पडले, पण तो पडला नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्याबरोबर दीव मुक्त झालं. तटावर उभं राहून खाली पाहिलं की समुद्रातून खोदून आत घेतलेला खंदक आणि खाडीच्या मुखात उभा असलेला पाणीकोठा नावाचा छोटा जलदुर्ग, दोन्ही एका नजरेत येतात. एवढ्याशा बेटासाठी एवढी भांडणं का झाली, ते तिथे कळतं. खंबायतकडे जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक जहाजावर इथून नजर ठेवता येत होती.

समुद्रात उतरायचं तर नागवा किंवा घोघला. जालंधरच्या बाजूला खडक आहेत, तिथे बसून सूर्यास्त पाहा, पोहू नका. पावसाळ्यात पाण्यात उतरायला बंदी असते आणि ती पाळायलाच हवी. वाळूवर गाडी नेऊ नका. रुतलीच तर एक्सिलरेटर दाबत राहू नका, चाक आणखी खाली जातं. टायरमधली हवा थोडी कमी करा, चाकांपुढे फळ्या किंवा पायपुसणी सरकवा, हळू काढा, आणि भरती चढत असेल तर वेळ न घालवता गावातला ट्रॅक्टर बोलवा.

आणि हे साफ सांगते, दीवहून बाटली आणू नका. दीवमध्ये दारू चालते, गुजरातमध्ये दारूबंदी आहे. चेकपोस्टवर गाडी तपासतात आणि आणलेली बाटली तिथे गुन्हा ठरते. मित्रानं सामानात टाकली असली तरी गाडी तुमची असते.

मासे खायचे तेही दीवलाच खाऊन घ्या. सोमनाथशेजारचं वेरावळ केवढं मोठं मासळीचं बंदर, तिथे सुरमई-पापलेटचं ताट मिळेल या आशेनं आपण सोमनाथला जातो आणि देवळाच्या परिसरात सगळीकडे शाकाहारी थाळी असते. मे महिन्यात गेलात तर तलालाचा केसर आंबा मात्र पेटीनं आणा.

सोमनाथला अहिल्याबाईंचं देऊळ चुकवू नका

मोठ्या मंदिरात मोबाइल, कॅमेरा, बॅग काहीच नेता येत नाही. लॉकरच्या रांगेत अर्धा तास जातो, म्हणून शक्य ते सगळं हॉटेलवरच ठेवा. आरती सकाळी सात, दुपारी बारा आणि संध्याकाळी सात. आत्ताच्या मंदिरातली प्राणप्रतिष्ठा ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली.

ते पाहून बहुतेक लोक बाहेर पडतात आणि समोरच्या जुन्या सोमनाथाकडे वळतही नाहीत. अहिल्याबाई होळकरांनी १७८३ मध्ये बांधलेलं ते देऊळ. मूळ जागा भग्न पडलेली, पूजा थांबलेली, अशा वेळी त्यांनी शेजारी दुसरं देऊळ उभारून शिवलिंग खाली गाभाऱ्यात सुरक्षित ठेवलं. पायऱ्या उतरून खाली गेलं की बाहेरचा गोंगाट एकदम तुटतो. जवळजवळ पावणेदोनशे वर्षं सोमनाथाची पूजा चालू राहिली ती या खोलीमुळे. मराठी माणसानं तिथे दहा मिनिटं बसावं, असं मला मनापासून वाटतं.

द्वारका आणि ओखा परक्याचं समजून पाहू नका

आपल्या मुलांना हे कुणी सांगतच नाही, की ओखामंडळ बडोदा संस्थानात होतं. द्वारका, बेट द्वारका, ओखा सगळं. अमरेली आणि दीवजवळचं कोडीनारसुद्धा. नकाशात बडोद्यापासून लांब पडलेले हे तुकडे १९४९ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत गायकवाडांचे होते, आणि ओखा बंदर सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत बांधलं गेलं. सयाजीबागेत मुलांना फिरवताना जे नाव ऐकवतो, तेच नाव त्या धक्क्याच्या इतिहासात आहे. गाडीत बसल्याबसल्या हे सांगा, मुलं वेगळ्या नजरेनं पाहतात.

इथली नेहमीची चूक वेळेची. द्वारकाधीशाचं मंदिर दुपारी एकच्या सुमारास बंद होतं, ते पाचपर्यंत. बेट द्वारकेचंही दुपारी बंद असतं. सकाळी द्वारका उरकून दुपारी बेटावर गेलं की दाराशी बसून राहावं लागतं. उलट करा. सकाळी बेट, मग द्वारकेत संध्याकाळची आरती, आणि मधल्या वेळात शिवराजपूरचा समुद्र. फेब्रुवारी २०२४ पासून सुदर्शन सेतू सुरू झाल्यामुळे बेटावर गाडीनं जाता येतं, होडीच्या रांगेत उभं राहावं लागत नाही.

आणखी एक दिवस असेल तर जामनगरच्या बाजूला नराराला जा. १९८२ मध्ये जाहीर झालेलं देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान तिथे आहे, आणि ओहोटीला पोटरीभर पाण्यातून चालत पोवळी पाहता येतात. कॅनव्हासचे जुने बूट घाला, भिजवायलाच. पोवळ्यावर पाय ठेवू नका, शंख-शिंपले उचलू नका, तो गुन्हा आहे. वाटाड्या मुलांना दाखवायला एखादा मासा किंवा तारामासा हातात घेऊ लागला तर 'भाई, पाणीमां ज रहेवा दो' म्हणा. तो ऐकतो, आणि मुलंही वाकून पाण्यातच पाहतात. कोरडे बूट आणि टॉवेल गाडीत ठेवा. निघण्याआधी फोन करून ओट किती वाजता ते विचारा, आणि इथे कच्छच्या आखाताची वेळ लागते, भावनगरची नाही.