बॅग शेवटी भरा, आधी घरचा फोन

हिवाळी सत्रासाठी जर्मनीला निघालेल्यांच्या घरी सप्टेंबरात वजनकाटा बाहेर येतो. बॅग २३ किलोत बसतेय का, कुकर घ्यायचा की मसाले, यावर रोज वाद. मीही तेच केलं. श्टुटगार्टला येऊन महिना झाला तेव्हा कळलं, खरी तयारी सांगलीच्या घराची करायला हवी होती. इथून फोन लागतो हो, अडतं ते तिकडे. तेव्हा ही यादी मागे राहणाऱ्यांसाठी.

सुरुवात बाबांच्या मोबाइलपासून करा. त्यातली जागा भरलेली असणार, सोसायटीच्या ग्रुपवरच्या सुप्रभातांनी. व्हॉट्सॲपचं आपोआप डाउनलोड बंद करा, जुने व्हिडिओ पुसा, पण विचारून. त्यातच कुठेतरी भाच्याचं बारसं असतं. जीमेलचा पासवर्ड कपाटातल्या डायरीत लिहून ठेवा. मग फोन कुठे ठेवायचा ते ठरवा. आमच्याकडे तो हातात धरला की मला छताचा पंखा आणि बाबांचं कपाळ दिसायचं. शेवटी ताईने जेवणाच्या टेबलावर एक लाल टिकली चिकटवली. टिकलीवर चहाचा डबा, डब्याला टेकवून फोन. आता आई-बाबा दोघंही दिसतात, मागे फ्रिजसुद्धा. वीज गेली की वायफायचा राउटर बंद पडतो. त्याच्यासाठी छोटा यूपीएस मिळतो, तोही बसवून टाका.

आता घड्याळ. उन्हाळ्यात भारत जर्मनीच्या साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे घेतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा पुढे. म्हणजे तुम्ही येऊन जेमतेम चार आठवडे झालेले, फोनची वेळ नुकती अंगवळणी पडलेली, आणि तीच सरकते. मी रोज दुपारी साडेचारला फोन करायचे, तेव्हा सांगलीत आठ वाजलेले असायचे. त्या रविवारीही साडेचारलाच केला. तिकडे नऊ वाजले होते आणि आई तासभर टिकलीसमोर बसून होती. ‘अगं, आठ म्हणाली होतीस ना? पिठलं गार झालं.’ तेव्हापासून वेळ भारताच्या घड्याळाने ठरते, बेरीज-वजाबाकी माझ्याकडे. घरच्या कालनिर्णयवर ते दोन रविवार तरी निघण्याआधी खुणा करून ठेवा.

सणांचाही हिशोब करून ठेवा. दिवाळीत पहाटे पाचला घरी अभ्यंगस्नान सुरू होतं तेव्हा इथे रात्रीचे साडेबारा असतात, आणि दिवाळी ऑक्टोबरच्या त्या रविवारआधी आली तर दीड. जागं राहणं जमतं, दुसऱ्या दिवशी वर्गात डुलक्या येतात एवढंच. आरतीत मात्र आपला माइक बंद ठेवा. आवाज पोचायला थोडा उशीर लागतो, आणि आपण अर्धी ओळ मागे गायला लागलो की तिकडच्यांचाही ठेका चुकतो. फराळ पाठवायचं ठरलंच असेल तर चकल्या, चिवडा. दुधाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून आणता येत नाहीत, त्यामुळे साजूक तूप आणि पेढे घरीच खा.

सिमचं काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. भारतातलं सिम रोमिंग सुरू करून फोनमध्येच राहू द्या. बँकेचे ओटीपी त्यावर येतात, आणि व्हॉट्सॲपही त्याच नंबरावर असतं. बरेच दिवस न वापरलेलं, रिचार्ज न केलेलं सिम कंपनी बंद करते आणि पुढे तो नंबर दुसऱ्याला जातो, म्हणून रिचार्जच्या तारखा लिहून ठेवा. जर्मनीत प्रीपेड सिमलाही ओळखपत्राची पडताळणी लागते, तेव्हा पहिल्या चार दिवसांसाठी ई-सिम किंवा रोमिंगचा पॅक घ्या. दुबई किंवा अबुधाबीमार्गे जाणार असाल तर घरी आधीच सांगा की तिथे व्हॉट्सॲपवर मेसेज येईल, कॉल लागणार नाही. नाहीतर बाबा रात्रभर विमानाचा नकाशा बघत बसतात.

रात्री-अपरात्री कुणाला बरं नसेल तर काय, हे ठरवताना माझ्या एक गोष्ट उशिरा ध्यानात आली: १०८ मला इथून लावता येत नाही. म्हणून नेहमीच्या डॉक्टरांचा, रुग्णवाहिकेचा, समोरच्या काकूंचा आणि किल्ली असलेल्या माणसाचा असे पूर्ण नंबर +९१ लावून साठवा. लँडलाइन असेल तर एसटीडी कोडमधला शून्य गाळा. सांगलीचा ०२३३ इथून +९१ २३३ होतो. समोरच्या काकूंना निघण्याआधी भेटून या, नुसता नंबर घेऊन चालत नाही.

मुलं परदेशात असलेली घरं फसवणाऱ्यांना बरी सापडतात. ‘तुमची मुलगी पोलिसांच्या ताब्यात आहे’ असा फोन आला की आई-बाबांचे हातपाय गळतात. घरात एक परवलीचा शब्द ठरवा. आमचा सांगत नाही, एका भाजीचं नाव आहे आणि ती बाबांना आवडत नाही. पैसे गेलेच तर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, ताबडतोब फोन करायचा, हे फ्रिजवर लिहून चिकटवा. कॉलवर मोबाइलची स्क्रीन मुलीशिवाय कुणाशीही शेअर करायची नाही, हेही त्याच कागदावर.

‘जेवलीस का’ पलीकडे बोलणं जात नसेल तर आई भाजी निवडत असताना फोन लावा. मेथीची जुडी संपेपर्यंत गल्लीतलं सगळं कळतं.

आणि निघण्याआधी एक तालीम घ्या. मित्राकडे जाऊन, त्याच्या वायफायवरून घरी व्हिडिओ कॉल लावा, आई-बाबांना कुणी मदत करायची नाही. आमची तालीम मी विमानतळावरून घेतली. बाबांनी फोन पटकन उचलला, सवयीने कानाला लावला, आणि तीन मिनिटं मी त्यांच्या कानाशी बोलत होते.