ऑपेराच्या जुन्या रेकॉर्ड घेताय? या चुका टाळा

ऑपेराच्या तबकड्यांचा खोका उघडायचा, वरची तबकडी बघायची आणि पैसे मोजायचे. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. वरची तबकडी चकचकीत असेलही, पण पारायणं झालेली असतात ती लाडक्या आरियांच्या, म्हणजे एकट्या गायकाच्या गाण्यांच्या, बाजूंची. म्हणून सगळ्या तबकड्या बाहेर काढा आणि प्रत्येक बाजूची आतली कड बघा.

कारण साधं आहे. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला बाहेरच्या कडेशी सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलापाशी जेमतेम २१. आणि ऑपेरात अंकाचा कळस नेमका शेवटी येतो, म्हणजे बहुधा बाजूच्याही शेवटी. पुच्चीनीच्या ‘तोस्का’त पहिला अंक संपताना ‘ते देउम’ हे चर्चमधलं स्तोत्र आहे: घंटा, तोफा, ऑर्गन, कोरस आणि खलनायक स्कार्पिया, सगळे एकदम. जड टोनआर्मवर (सुई धरणाऱ्या दांड्यावर) वाजलेली तबकडी आधी इथे झिजते. ती झीज धुऊन जात नाही, सुई बदलूनही जात नाही. बल्बखाली तबकडी तिरपी धरा. लेबलाजवळ राखाडी झाक दिसली तर शेवटची तीन मिनिटं वाजवूनच निर्णय घ्या. दुकानदार वाजवू देत नसेल तर खोका सोडून द्या.

दुसरी चूक म्हणजे चांगला सेट सदोष समजून परत करणं. पुच्चीनीच्याच ‘ला बोहेम’च्या दोन तबकड्यांचा जुना सेट घ्या. पहिली बाजू संपली, तबकडी उलटली, तर थेट शेवटच्या अंकातला नायिका मिमीचा मृत्यू! लेबलं चुकलेली नसतात. एकावर एक तबकड्या आपोआप टाकणाऱ्या चेंजरसाठी १ च्या मागे ४ आणि २ च्या मागे ३ अशी जोडणी करत. तीन तबकड्या असतील तर १-६, २-५, ३-४. लेबलावरचे आकडे वाचायला अर्धं मिनिट लागतं, तेवढा धीर धरा.

मोनोला, म्हणजे एकाच चॅनेलच्या ध्वनिमुद्रणाला, नाक मुरडू नका. गायिका मारिया कालासची संगीतसंचालक (कंडक्टर) दि साबातांबरोबरची १९५३ ची ‘तोस्का’ मुळातच मोनो आहे. तिच्या कव्हरवर ‘स्टिरिओ’ दिसलं तर तो मागाहून कृत्रिमपणे केलेला. मोनोचीच प्रत शोधा.

धुताना नळाचं पाणी नको, क्षार खाचेत बसतात. तीन भाग डिस्टिल्ड वॉटर, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा. लेबल कोरडं ठेवा. पावसाळ्यात धरलेली बुरशी बहुतेक वेळा एवढ्याने निघते. आतलं कागदी पाकीट मात्र फेकून द्या, बुरशी तिथूनच परत येते.

हे मिश्रण गायक कारुसोच्या काळातल्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना चुकूनही लावू नका. त्या लाखेच्या असतात, अल्कोहोलने लाख विरघळते. त्यांना एलपीची (३३⅓ च्या तबकडीची) सुईही चालत नाही. सुमारे ७५ मायक्रॉनची जाड सुई लागते.

आणि आवडती आरिया गाठायला सुई मध्येच टेकवायची सवय सोडा. त्या जागेवर हमखास ओरखडा येतो. पुस्तिका उघडा, बाजू सुरुवातीपासून लावा.