पिवळा धोत्रा: फूल यायच्या आत खुरपं घाला

चन्याला पाणी देताना सगळ्यांचं लक्ष पिकाकडे असतं, धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे, कोणी पाहत नाही. पिवळा धोत्रा, म्हणजे आपला काटेधोत्रा, तिथेच बसलेला असतो. धुरा, पाटाचा काठ, उकिरड्याची कड, ई-क्लासचं, म्हणजे सरकारी चराईचं रान. ढोरं बाजूचं गवत साफ करतात, याला तोंड लावत नाहीत. म्हणून दरवर्षी रान त्याचंच होत जातं.

डिसेंबरात रोप जमिनीला चिकटून असतं. पानं निळसर हिरवी, शिरांवर पांढरे पट्टे, कडेला काटे. उंटकटाऱ्याशी गफलत होते, पण तो इथलाच, हा मूळचा मेक्सिकोकडचा. खात्री करायची तर पान तोडा. हळद कालवल्यासारखा पिवळा चीक आला की धोत्राच.

याच वयात खुरपं घाला, तेही मातीत दोन बोटं खाली, मुळावर. विळ्यानं वरवर छाटलं तर बुडातून पुन्हा फुटतो. जानेवारीत पिवळी फुलं आली की घाई करा, कारण एका बोंडात शेकडो बिया असतात आणि त्या जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात. बोंडं धरलेली झाडं धुऱ्यावर टाकू नका, उकिरड्यावर तर नाहीच. वाळवून जाळा.

गव्हात पेरणीनंतर 30 ते 35 दिवसांनी मेटसल्फ्युरॉन मिथाइल 20 टक्के हे तणनाशक, एकरी 8 ग्रॅम, जमिनीत ओल असताना फवारता येतं. चन्यावर ते उडालं तर चना गेला. टू-फोर-डी हे दुसरं तणनाशक तर शेजारी पऱ्हाटी, म्हणजे कापूस, उभी असेल तर नकोच. एका वर्षी टू-फोर-डी फवारलेला पंप नुसत्या पाण्यानं खंगाळून मी पऱ्हाटीत नेला, आठवड्यात शेंड्याची पानं भेंडीसारखी चिरली. तेव्हापासून तणनाशकाचा पंप वेगळा.

धुऱ्यावर मोहरी टाकली असेल तर ती मळणीआधी वेगळी कापा. धोत्र्याचं बी मोहरीत मिसळलं की तेल विषारी होतं. 1998 साली दिल्लीत अशा भेसळीच्या तेलानं पायाला सूज येऊन 60 च्या वर माणसं दगावली. घाण्यावर नेण्याआधी मूठभर मोहरी तळहातावर घेऊन उन्हात पाहा. मोहरीचा दाणा गुळगुळीत दिसतो, धोत्र्याचा काळा आणि जाळीदार, खडबडीत.