'मस्ट'चा भूतकाळ 'मस्ट हॅव' नव्हे: इंग्रजी बोलताना या चुका टाळा

पावसाळ्यातली संध्याकाळ. बॅच सुरू होऊन अर्धा तास झाला आणि नाशिकच्या पंचवटीत राहणारा एक विद्यार्थी भिजून आला. गोदेला पूर होता, घाटाजवळचे रस्ते बंद होते. रेनकोट काढता काढता तो म्हणाला, "सॉरी मॅडम, आय मस्ट हॅव कम व्हाया द्वारका." (द्वारका हा आमच्या शहरातला एक चौक.)

त्याला सांगायचं होतं, 'मला द्वारकेवरून यावं लागलं.' त्याच्या वाक्याचा अर्थ झाला, 'मी द्वारकेवरून आलो असणार.' म्हणजे आपण कुठून आलो हे आठवत नाही आणि तो अंदाज बांधतोय! हवं होतं ते साधं वाक्य: 'आय हॅड टू कम व्हाया द्वारका.'

ही चूक मी इतक्या वेळा ऐकली आहे की तिचं मूळ मला पाठ झालंय. शाळेत आपण 'मस्ट म्हणजे पाहिजे' असं घोकतो. मग भूतकाळ करायची वेळ आली की त्याच्यापुढे 'हॅव' जोडतो. पण सक्तीच्या अर्थाने 'मस्ट'ला भूतकाळाचं रूपच नाही. तिथे 'हॅड टू' येतं. 'मस्ट हॅव' आलं की समजावं, बोलणारा पुराव्यावरून खात्रीचा अंदाज करतोय.

त्या दिवशी मी धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर दुतोंड्या मारुती लिहिलं. ही गोदाघाटावर नदीत उभी असलेली मारुतीची उंच मूर्ती. पूर किती आला हे नाशिककर आजही मारुतीवरूनच विचारतात: पायाला लागलं का, कमरेपर्यंत आलं का, छातीपर्यंत गेलं का? समजा, आपण घाटावर गेलो आणि पाणी मारुतीच्या कमरेला लागलेलं दिसलं. शहरात तर पाऊस बेताचाच. आपण काय म्हणू? 'गंगापूर धरणातून पाणी सोडलं असणार.' हेच इंग्रजीत 'दे मस्ट हॅव रिलीज्ड वॉटर फ्रॉम द डॅम.' सोडताना आपण पाहिलेलं नाही, पण मारुतीची कमर पुरावा देतेय.

पुरावा तेवढा पक्का नसेल तर आपण 'सोडलं असेल' म्हणतो. तिथे 'माइट हॅव' किंवा 'मे हॅव'. 'असणार' आणि 'असेल' यांतला फरक आपल्याला कुणी शिकवलेला नाही, तरी मराठीत तो आपण चुकत नाही. मराठीवर एवढा विश्वास टाकला, तर हे इंग्रजी प्रकरण निम्मं सोपं होतं. आणि पाणी पायरीच्याही खाली असेल, तर? 'सोडलं असणं शक्यच नाही.' इथे 'कान्ट हॅव' किंवा 'कुडन्ट हॅव' वापरा. 'मस्ट नॉट हॅव' अमेरिकी बोलण्यात ऐकू येतं, त्याला चूक म्हणता येणार नाही. पण 'शक्यच नाही' हा जोर 'कान्ट हॅव'मध्येच आहे.

आता घाटावर लावलेली गाडी. पाणी चाकाला लागलं की मालक म्हणतो, 'सकाळीच काढायला हवी होती.' 'आय शुड हॅव मूव्हड इट.' शेजारी म्हणतो, 'मला सांगितलं असतंस तर मी काढली असती.' 'आय वुड हॅव मूव्हड इट.' तिसरा म्हणतो, 'दोर बांधून ओढता आली असती.' 'वी कुड हॅव पुल्ड इट आउट.' हवी होती, काढली असती, ओढता आली असती. तिन्ही वाक्यांत गोष्ट घडलेली नाही, आणि ती हळहळ मराठीत क्रियापदाच्या शेपटीत आहे. म्हणून वाक्य अडलं की आधी ते मराठीत मनात म्हणा आणि शेवटचे दोन शब्द ऐका. 'लागलं' असेल तर हॅड टू, 'हवं होतं' असेल तर शुड हॅव, 'असणार' असेल तर मस्ट हॅव. मराठीत विचार करू नका असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. या एका विषयात तर मुळीच नाही.

एका ठिकाणी मात्र मराठी फसवते. 'मला माहीत असतं तर मी आलो असतो.' दोन्हीकडे 'असतं-असतो', म्हणून मुलं दोन्हीकडे 'वुड हॅव' टाकतात: 'इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम.' 'इफ'च्या बाजूला 'हॅड' येतो: 'इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम.' हे वाक्य जसंच्या तसं पाठ करा.

'कुड'चाही एक सापळा आहे. धावत जाऊन पंचवटी एक्सप्रेस पकडली, तर 'आय कुड कॅच द ट्रेन' म्हणू नये. एकदाच घडलेल्या, जमलेल्या गोष्टीला 'आय मॅनेज्ड टू कॅच इट' किंवा 'आय वॉज एबल टू कॅच इट'. चुकली असेल तर 'आय कुडन्ट कॅच इट' बिनधास्त म्हणा, नकारात ते चालतं.

रूपांच्या चुका भराभर सांगते. 'हॅव'नंतर क्रियापदाचं तिसरंच रूप येतं: 'शुड हॅव वेंट' नाही, 'गॉन', 'टुक' नाही, 'टेकन'. 'ही' असो वा 'शी', 'शुड हॅज' कधीच होत नाही. बोलताना 'शुड हॅव' घाईत 'शुडव्ह' असं ऐकू येतं, त्यामुळे काही जण 'शुड ऑफ' लिहितात. तसं लिहू नका.

मग रोजच्या राहणीमानाचे शब्द. इथे अडचण वेगळी आहे. शब्द आपल्याला येतात, कारण ते मराठीत येऊन बसलेत. पण इथे येताना त्यांचे अर्थ बदललेत. 'तो जरा हेल्दी आहे' म्हणजे आपल्याकडे अंगाने भरलेला. इंग्रजीत 'हेल्दी' म्हणजे निरोगी, बस. 'मी डाएट करतेय' हे 'आय ॲम ऑन अ डाएट' होतं. 'जिम करतो' हे 'आय गो टू द जिम' किंवा 'आय वर्क आउट'. घरी येऊन आपण 'फ्रेश होतो', पण 'गेट फ्रेश' म्हणजे कुणाशी तरी आगाऊपणा करणं. 'फ्रेशन अप' म्हणा.

सगळ्यात जास्त गोंधळ झोपेचा. रात्री दीडपर्यंत मोबाइल पाहिला आणि सकाळी ऑफिसात सांगितलं, 'आय स्लेप्ट लेट.' ऐकणाऱ्याला वाटतं, हा उशिरापर्यंत झोपून राहिला. 'उशिरा झोपलो' म्हणजे 'आय वेंट टू बेड लेट', जागत बसलो म्हणजे 'आय स्टेड अप लेट'. सवयीचंही तसंच. 'पूर्वी पहाटे उठायचे' हे 'आय यूज्ड टू गेट अप अर्ली', आणि 'पहाटे उठायची सवय आहे' हे 'आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली'. मधल्या एका 'ॲम'ने काळ बदलतो.

पाहुणचारातली एक चूक मला जास्त टोचते, कारण तिथे व्याकरण नाही, माणूस दुखावतो. पाहुणे चिवड्याचा पुडा घेऊन आले की आपण प्रेमाने म्हणतो, 'अहो, कशाला आणलंत?' एका मुलीने परदेशातून आलेल्या सहकाऱ्याला तेच इंग्रजीत विचारलं: 'व्हाय डिड यू ब्रिंग धिस?' तो गोरामोरा झाला. इंग्रजीत हे प्रेम 'ओह, यू शुडन्ट हॅव!' या शब्दांत येतं. 'यू नीडन्ट हॅव ब्रॉट एनीथिंग' हेही चालेल: आणायची गरज नव्हती, तरी आणलंत. 'यू डिडन्ट नीड टू ब्रिंग' म्हटलं, तर आणलं की नाही ते त्यातून कळत नाही.

नियम कळूनही बोलताना तोंड उघडत नसेल, तर रोज रात्री कालच्या दिवसावर तीन वाक्यं लिहा आणि मोठ्याने वाचा. एक करावं लागलेलं, एक करायला हवं होतं ते, एक अंदाजाचं. मोठ्याने वाचणं टाळू नका. 'मस्टव्ह', 'शुडव्ह' हे उच्चार जिभेवर बसल्याशिवाय समोरच्याच्या तोंडून आलेले कळत नाहीत.

इंदिरानगरच्या एक काकू महिनाभर अशी वही लिहितायत. परवाच्या पानावर होतं: 'आय हॅड टू कुक फॉर टेन पीपल. माय नेबर मस्ट हॅव गॉन टू गोल्फ क्लब ग्राउंड विदाउट मी. आय शुड हॅव वोक अप अर्ली.' मी 'वोक'चं 'वोकन' केलं, 'अर्ली'चं 'अर्लिअर' केलं, आणि वही परत दिली.