अमेरिकेत पिकअपमागे जड ट्रेलर जोडताना: लायसन्स आणि वजनाचा हिशेब

अमेरिकेत मोठा ट्रेलर विकणारा सहसा एकच आकडा सांगतो: तुमचा ट्रक, म्हणजे पिकअप, इतके पौंड ओढतो. हा आकडा खोटा नसतो, पण त्यावरून लायसन्सचंही कळत नाही आणि सुरक्षिततेचंही. त्यासाठी दोन वेगळे हिशेब करावे लागतात.

आधी पाट्या वाचा. ट्रकची पाटी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असते, ट्रेलरची बहुधा डाव्या बाजूला पुढे. दोन्हींवरचा जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे उत्पादकाने ठरवलेलं भरलेल्या गाडीचं कमाल वजन, लिहून घ्या. लायसन्स ठरवताना हाच आकडा धरतात. ट्रेलर रिकामा आहे ही सबब चालत नाही.

आता बेरीज करा. दोन्हींची बेरीज २६,००१ पौंड (सुमारे ११,८०० किलो) किंवा जास्त आणि ट्रेलर एकटा १०,००० पौंडांच्या वर, अशा दोन्ही अटी जुळल्या की 'क्लास ए', म्हणजे जड जोडगाड्यांचा लायसन्स-वर्ग, लागू होतो. ११,५०० चा ट्रक आणि १४,००० चा ट्रेलर मिळून २५,५०० होतात, म्हणजे सुटलात. तोच ट्रेलर १४,००० च्या ड्युअलीमागे (मागच्या ॲक्सलला चार चाकं असलेला पिकअप) लावला की २८,००० होतात आणि अडकलात. ९,९९० पौंडांची पाटी असलेले ट्रेलर बाजारात इतके का दिसतात, ते आता लक्षात येईल.

व्यावसायिक लायसन्स, म्हणजे सीडीएल, धंद्यासाठी असतं. स्वतःचा कॅम्पर (राहण्याची सोय असलेला ट्रेलर) घेऊन फिरायला निघालेल्याला केंद्रीय नियमाने ते लागत नाही. मात्र घरगुती वापरासाठी कोणतं लायसन्स लागेल हे प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं, आणि घोळ इथेच होतो. टेक्ससमध्ये वरच्या दोन्ही अटी जुळल्या तर बिगर-व्यावसायिक क्लास ए काढावं लागतं. कॅलिफोर्निया जास्त कडक आहे: तिथे ट्रॅव्हल ट्रेलर १०,००० च्या वर गेला की बिगर-व्यावसायिक क्लास ए लागतं, मग एकूण बेरीज काही का असेना. फिफ्थ-व्हीलला, म्हणजे पिकअपच्या मागच्या हौद्यात जोडल्या जाणाऱ्या ट्रेलरला, १५,००० पर्यंत सवलत आहे, पण १०,००० च्या पुढे नेहमीच्या लायसन्सवर वेगळी नोंद करून घ्यावी लागते. म्हणून ट्रेलरचे पैसे भरण्याआधी आपल्या राज्याची वाहनचालक पुस्तिका उघडा. तोच ट्रेलर लॉन कापण्याच्या धंद्याला लावणार असाल तर हे सगळं बदलतं; ते आधी विचारून घ्या.

दुसरा हिशेब खऱ्या वजनाचा, आणि ट्रक बहुतेक वेळा इथेच कमी पडतो. दाराच्या चौकटीवर पिवळं-पांढरं स्टिकर असतं, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते दिलेलं असतं. ट्रेलरचा जो भार ट्रकवर टेकतो, तोही यातूनच वजा होतो. साध्या ट्रेलरला हा भार वजनाच्या १० ते १५ टक्के, फिफ्थ-व्हीलला १५ ते २५ टक्के धरतात. समजा स्टिकरवर २,४०० पौंड आहेत आणि भरलेला फिफ्थ-व्हील १२,००० चा आहे. २० टक्क्यांनी २,४०० तिथेच संपले. बायको-मुलं, कूलर आणि हिच (ट्रेलर जोडण्याचा सांधा) कुठे बसवणार? ब्रोशरमध्ये हाच ट्रक १५,००० ओढतो असं लिहिलेलं असू शकतं. भार कमी करायला सामान मागे सारू नका, मागे जड झालेला ट्रेलर हायवेवर डोलायला लागतो.

अंदाजावर राहू नका, ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे गाड्या तोलणाऱ्या काट्यावर, वजन करा. प्रत्येक ॲक्सल-गटाचं वजन वेगळं छापून मिळतं. एकदा ट्रेलर जोडून आणि एकदा नुसता ट्रक, तेवढीच माणसं नि सामान ठेवून. ट्रकच्या ॲक्सलवरच्या वजनातला फरक म्हणजे टेकणारा भार. टाक्या भरलेल्या ठेवा, पाणीच गॅलनला सव्वाआठ पौंडांहून जास्त भरतं.

हिच, बॉल, टायर यांत ज्याची मर्यादा सगळ्यात कमी, ती जोडणीची मर्यादा. ट्रेलरच्या ब्रेकचा नियमही राज्यागणिक बदलतो: कॅलिफोर्नियात कॅम्पिंगच्या ट्रेलरना १,५०० पौंडांपासून, टेक्ससमध्ये ४,५०० च्या पुढे. आणि कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ताशी ५५ मैल, बाजूच्या गाड्या ७० ने जात असल्या तरी.